एक तारा देण्याआधी ‘कित्तूर’ लिहून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेममध्ये बाई नायिका झाली किंवा कृष्णवर्णीय सामुराई आला, की त्या गेमला ऑनलाइन अभिप्रायात सगळ्यात कमी गुण, म्हणजे एक तारा, देण्याच्या मोहिमा निघतात. आपल्याकडच्या पोरांनाही त्यात उडी घ्यायचा मोह होतो. २०१८ मध्ये ‘बॅटलफील्ड ५’च्या जाहिरातीत बाई लढताना दिसली तेव्हा ‘युद्धात बाई कुठली?’ असा ओरडा झाला होता. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तरी हे विचारू नये. कित्तूरची चन्नम्मा १८२४ मध्ये इंग्रजांशी लढली.

बरे, मोहिमेने साधते काय? ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ हा नायिकाप्रधान गेम १९ जून २०२० ला आला. पुरा खेळायला वीस-पंचवीस तास लागतात, पण शून्य गुणांचा पाऊस पहिल्याच दिवशी पडला. पुढे अभिप्रायांचे गुण एकत्र मांडणाऱ्या मेटाक्रिटिक संकेतस्थळाने गेम आल्यावर पहिले ३६ तास वाचकांचे गुण घेणेच थांबवले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अभिप्रायासोबत खेळलेले तास दिसतात. शिवाय मार्च २०१९ पासून अचानक लोंढा आला की यंत्रणा तो हेरते, माणसे तपासतात आणि विषयाबाहेरचा ठरल्यास त्या काळातले सगळेच अभिप्राय एकूण गुणांतून वगळतात. म्हणजे गेम बंद पडतो अशी रास्त तक्रार करणाराही त्यात भरडला जातो.

पाटीवरच्या भाषेवरून इथे काय काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. गेममधल्या मोडक्या मराठी-कन्नड अक्षरांबद्दल, म्हणजे खऱ्या तक्रारीबद्दल, मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर दाखवणारा भाग, टेक्स्टमेशप्रो, अक्षरे नुसती एकापुढे एक मांडतो, जोडाक्षरे जुळवत नाही. त्यात ‘कित्तूर’ लिहा: वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘त्त’चा पाय मोडलेलाच राहतो. कन्नडमध्येही ओत्तक्षर (जोडाक्षरातले खाली लिहायचे व्यंजन) खाली न जाता बाजूला पडते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष जुळवणीत आहे. गोडो ४ आणि अनरियल या युनिटीसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे जुळवणारी हार्फबझ ही प्रणाली असल्याने तिथे शब्द नीट जुळतो. फक्त नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट सोबत द्यावा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन दिसू शकतात.

तक्रारीत फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची व गेमची आवृत्ती आणि मोडलेल्या शब्दाचा स्क्रीनशॉट द्यावा. शेजारी बरोबर शब्दही चित्र म्हणूनच जोडावा. बनवणाऱ्याला बहुधा आपली लिपी वाचता येत नाही, त्यामुळे फरक त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे.

– एक गेम प्रोग्रामर, टिळकवाडी, बेळगाव