अर्ज बाईचा, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर

महोदय,

मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज आम्ही सेविकांनी भरले. सप्टेंबर 2025 पासून ई-केवायसी, म्हणजे आधारला जोडलेल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीनं ओळख पटवणं, सुरू झाली, तेव्हाही बायका आमच्याकडेच आल्या.

आमच्याकडचे बरेच पुरुष नवी मुंबईत माथाडी कामाला आहेत. घरातल्या सगळ्यांचं आधार त्यांच्याच नंबरला जोडलेलं, कारण आधार काढलं तेव्हा घरात फोन तेवढा एकच होता. बाई इथे माझ्या शेजारी बसलेली, आणि ओटीपी जातो वाशीच्या मार्केटात. पाठीवर पोतं असताना माणूस फोन कसा उचलणार? तो मोकळा होईतो मुदत संपलेली असते. संध्याकाळी पुन्हा बसावं तर वाडीवर रेंज नाही.

त्यात बाईच्या ओटीपीबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही ओटीपी मागितला. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं होतं, हे मला समजतं. विधवा आणि घटस्फोटित बहिणींसाठी नंतर कागदपत्रं देण्याची सोय झाली. पण परित्यक्तेचं काय? योजनेच्या पात्रतेत तिचा स्पष्ट उल्लेख आहे. टाकलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला असतो, ना कोर्टाचा कागद. एक जण मला म्हणाली, "बाई, ज्यानं पोरं जगली का मेली विचारलं नाही, त्याला आता फोन लावून आकडा मागू?" तिनं फोन लावला नाही. मला तिचं पटलं.

हे फक्त आमच्या डोंगरातलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 61.5 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांत हेच प्रमाण 38 टक्के. सात-बारा, दाखले, पेन्शन, सगळंच आता फोनवर आलं आहे. घरचा फोन ज्याच्या खिशात, त्याच्याच हातात बायकोचा अर्जही.

आधार केंद्रात नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, बाई स्वतः हजर असली की झालं. पण तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी गेली. म्हणून आधारचं यंत्र बचत गटाच्या बैठकीला वाडीवर आणावं आणि प्रत्येकीचा स्वतःचा नंबर जोडून द्यावा. परित्यक्तांकडे नवऱ्याचा ओटीपी मागूच नये. गावातल्या पंचांसमोर घेतलेला त्यांचा जबाब ग्राह्य धरावा.

— एक अंगणवाडी सेविका, ता. पाटण, जि. सातारा