सुशीचा नाद सोड, वांगी आण

कोथरूड, पुणे
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

महिनाअखेरीला दहा-बारा माणसांना जपानी जेवायला घालायचं तू ठरवलंस हे ऐकून फार आनंद झाला. सुशी कशी करायची ते फोनवर सांग म्हणालास, पण हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे सुशी करू नकोस. कच्चा खाता येईल असा मासा मिळवणं कोल्हापुरात सोड, पुण्यातही सोपं नाही. शिवाय हातावर वळलेली सुशी हे तिकडेही त्यात वर्षानुवर्षं घालवलेल्या आचाऱ्यांचं काम. लोक ती खायला बाहेर जातात. घरचं जेवण साधं असतं. भात, एक सार आणि दोन-तीन तोंडीलावणी. हे सगळं काकूंच्या ओट्यावर आरामात होतं.

दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या बेतात यजमानाला पाहुण्यांबरोबर पंगतीला बसता येतं. आपल्याकडे गरम पोळ्या वाढता वाढता घरातलं एक माणूस कायम आत राहतं, आणि सगळे हात धुऊन गप्पांना बसले की एकटं जेवतं. मला हे कधीच पटलं नाही. जपानी घरगुती पदार्थांपैकी पुष्कळसे गार किंवा कोमट खाता येतात. काही तर आदल्या दिवशी केलेले जास्त चांगले लागतात. मुग्धाची जपानीची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. यंदा ती झाल्यावर संध्याकाळी तिच्या वर्गातली सगळी पोरं आमच्याकडे जेवायला होती. परदेशी भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटच्या काळापासून या शहराला जपानीचं वेड आहे, त्यामुळे खाणारे चोखंदळ होते. तरी मी आणि नीता दोघंही पहिल्या घासापासून ताटावर होतो.

आता मुद्द्याचं. सगळ्याचा पाया म्हणजे दाशी, म्हणजे त्यांचं सारासाठीचं पाणी. नेहमीच्या दाशीत वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. काकूंसाठी आणि तुझ्या शाकाहारी मंडळींसाठी आपण कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम घ्यायचे. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू आणि चार-पाच शिताके रात्रभर फ्रीजमध्ये भिजत ठेव. कोंबूवर पांढरी पूड दिसेल. ती बुरशी नव्हे, धुऊन टाकू नकोस, चव तिच्यातही आहे. सकाळी मंद आचेवर ठेव आणि पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की कोंबू काढून घे. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. शिताके मात्र आणखी थोडा वेळ उकळू देत.

या पाण्याचा घोट घेतलास तर आधी वाटेल, यात आहे काय? तिखट नाही, आंबट नाही. आणि मग चव जिभेवर रेंगाळत राहते. 1908 साली तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी असं नाव दिलं. वाळवलेल्या शिताकेत ग्वानिलेट नावाचं दुसरं द्रव्य असतं, आणि ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. म्हणूनच इथे फोडणी लागत नाही. हिंग-मोहरीकडे हात जाईल, तो आवर. मी तुला एवढं एकच बजावतो.

सारासाठी या दाशीत लाल भोपळ्याच्या फोडी शिजव, टोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) लहान तुकडे सोड, गॅस बंद कर आणि मगच मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, घाल. पळीत थोडं पाणी घेऊन त्यात मिसो कालव, गुठळी राहू देऊ नकोस. माणशी एक सपाट टेबलस्पून पुरतो. मिसो घातल्यावर उकळी आणायची नाही, वास उडून जातो. हे तेवढं जेवायला बसताना कर, पाच मिनिटांचं काम आहे.

आता वांगी. त्या दिवशी सगळ्यात आधी तीच संपली. भरताची मोठी, हाताला हलकी लागणारी वांगी घे (जड वांग्यात बिया फार). देठासकट उभी दोन भाग कर आणि गरावर सुरीने आडव्या-उभ्या चिरा दे. साल फाटू देऊ नकोस. चिरांमध्ये तेल नीट चोळ, जाड तव्यावर कापलेली बाजू खाली ठेवून झाकण घाल आणि मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं राहू दे. मग उलटून आणखी तितकाच वेळ. बोट दाबलं की गर खाली बसला पाहिजे. तोवर लहान कढल्यात तीन चमचे मिसो, दोन चमचे मिरिन आणि एक चमचा साखर चकाकी येईपर्यंत ढवळ. हा लेप गरावर पसरून ओव्हनच्या वरच्या आचेखाली चार मिनिटं ठेवलास की कडा बुडबुडतात, जरा करपतात, आणि तो करपलेला खारट-गोड थर खाली लोण्यासारख्या झालेल्या गरात मिसळतो. ओव्हन नसेल तर लेप गरमागरम पसरून तसाच वाढ. वर भाजलेले तीळ. नासू देंगाकू म्हणतात याला. मिरिन ही तांदळाची गोड दारू आहे, काकूंना चालणार नसेल तर त्याऐवजी दोन चमचे पाणी आणि थोडी जास्त साखर घे.

पालकाचं तोंडीलावणं तर दुपारीच करून ठेव. पालक मुळासकट उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळून बोटभर तुकडे. तीळ खमंग भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटायचे, मिक्सर नको, पीठ होतं. त्यात शोयू आणि साखर. झालं. शोयू म्हणजे सोयाबीन आणि गहू मुरवून केलेला जपानी सोया सॉस. चायनीजसाठी आणतो तो दाट काळा सॉस घालशील तर पालकाची चव मरेल. काकडीचं तांदळाच्या व्हिनेगरमध्ये काहीतरी कर, त्याला कृती लागत नाही. काकडी पातळ चिरून मीठ लावून पिळून घे म्हणजे झालं.

तांदूळ जपानी आणू नकोस. आत्ता मावळातला नवा इंद्रायणी बाजारात आला आहे, आणि एरवी आपण ज्याला चिकट म्हणून नाकं मुरडतो तो गुणच इथे हवा आहे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धू, अर्धा तास भिजव. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, वाटीला सव्वा वाटीपेक्षा जास्त नको. शिजल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नकोस. लहान मुलं येणार असतील तर ओल्या हाताला मीठ लावून त्याचे त्रिकोणी ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, वळ. आत तिकडे उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट जपानी फळ, घालतात. मी उपासाचं लिंबाचं लोणचं बारीक चिरून घातलं, आणि मुग्धाच्या वर्गातल्या पोरांनी ते वाखाणलं. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदाची) पट्टी मात्र अगदी शेवटी, नाहीतर ती मऊ पडते.

मुख्य पदार्थ म्हणून करी राईस कर. हसू नकोस. करी तिकडे मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांकडून गेली, म्हणून ती मैद्याने दाट केलेली असते, आणि आज ती जपानी घरांतला अगदी रोजचा पदार्थ आहे. शिवाय त्यात आपलंही एक पान आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 साली इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोचले, तेव्हा तोक्योतल्या शिंजुकूमधल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवलं. पुढे त्या घरची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि 1927 साली नाकामुरायाच्या उपाहारगृहात अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, ती बोसांमुळे. ही गोष्ट जेवताना सांगच. आमच्याकडे पोरं वाटी हातात धरून ऐकत होती.

करी दाट करायला मैदा-मसाल्याच्या तयार वड्या मिळतात, पण त्यांमध्ये बहुधा प्राण्यांची चरबी किंवा मांसाचा अर्क असतो, त्यामुळे डब्यावरचं वाचल्याशिवाय घेऊ नकोस. घरी करणंच बरं. पन्नास ग्रॅम लोण्यात पन्नास ग्रॅम मैदा मंद आचेवर बदामी रंगावर येऊ दे, घाई करू नकोस, पंधरा मिनिटं तरी लागतात. मग दोन-तीन चमचे करी पावडर. दुसरीकडे भरपूर कांदा लाल करून गाजर, बटाटा, एक किसलेलं सफरचंद आणि लिटरभर पाणी. भाज्या शिजल्या की मैद्याचं मिश्रण थोडं थोडं कालव, शेवटी चमचाभर शोयू. एवढ्यात सहा जणांचं होतं, तुला दुप्पट करावं लागेल. आदल्या दिवशी करून ठेव. काकू कांदा खात नाहीत, त्यांना वांगी, पालक, सार आणि भात असं पूर्ण पान होतं. जपानमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकातही कांदा-लसूण वर्ज्यच आहे, हे त्यांना सांग, त्यांना बरं वाटेल.

तेंपुरा, म्हणजे त्यांची भजी, नको. त्याचं पीठ बर्फाच्या पाण्यात ऐनवेळी कालवायचं, फार ढवळायचं नाही, आणि तळलं की लगेच खायचं. म्हणजे तू पुन्हा कढईपाशी. दोघं-तिघं असतील तेव्हा कर. शेवटी गोड म्हणून नुसती महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ठेव, तिकडेही जेवणानंतर फळंच कापतात.

कोंबू, शिताके आणि पांढऱ्या मिसोचा डबा मी कॅम्पातून आणून ठेवला आहे. नीताची बहीण शुक्रवारी कोल्हापूरला येते आहे, तिच्याकडे देतो. मिसो फ्रीजमध्ये ठेव, कोरडा चमचा वापर, कितीतरी महिने टिकतो. वांग्यांचं एकदा आधी दोघांपुरतं करून बघ आणि काही अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर.

काकूंना नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

तुझा,
आनंद