पोरांना जर्मनीला पाठवताय? तिकिटाआधी खोलीचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची बार्शीची, आणि गेल्या महिन्यापासून जर्मनीत म्युनिकला मास्टर्स करतेय. आमच्या घरी तुमचा पेपर रोज येतो आणि पप्पा शिक्षणाच्या पुरवणीतली परदेशी शिक्षणाची पानं माझ्यासाठी कापून ठेवायचे, ती फाईल अजून घरी आहे. त्यात ॲडमिशन कशी घ्यायची, लोन कसं मिळतं, व्हिसाला काय काय लागतं हे सगळं होतं आणि त्याचा मला उपयोगही झाला, पण विमानातून उतरल्यावर पहिल्या दिवशी झोपायचं कुठं याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

मी उतरले २ ऑक्टोबरला, दसरा होता त्या दिवशी. घरी सगळे सोनं वाटायला बाहेर पडलेले आणि मी दोन बॅगा ओढत एअरपोर्टवरून एस-८ लोकलने शहरात निघालेले. पुण्यातल्या ज्या ऑफिसातून आम्ही सगळी प्रोसेस केली होती तिथं मी तीनदा विचारलं होतं की राहायचं काय, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच, "तिकडं गेल्यावर मिळतं, सगळ्यांनाच मिळतं, आधी हॉस्टेल बुक करा." त्या वेळी म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट म्हणजे बिअरचा मोठा उत्सव चालू होता, २०२५ साली तो २० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर होता, जगभरची माणसं आलेली असतात आणि एरवी तीस-चाळीस युरोला मिळणारी प्रवाशांच्या हॉस्टेलमधली एक कॉट मला ९२ युरोला पडली. एका रात्रीचे म्हणजे साडेनऊ हजार रुपये! आठ जणांच्या खोलीत! हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी पाच दिवस उशिरा आले असते, लेक्चर्स तशीही महिन्याच्या मध्याला सुरू होतात.

हॉस्टेलवर पोचून सामान टाकेपर्यंत संध्याकाळचे सव्वासात झाले होते. दमलेली होते, म्हटलं थोडं पडते आणि मग दूध ब्रेड घेऊन येते. उठून खाली गेले तर साडेआठ, आणि सगळी दुकानं बंद. इथं बव्हेरिया राज्यात रात्री ८ ला दुकानं बंद म्हणजे बंद. दुसऱ्या दिवशी ३ ऑक्टोबर, दोन्ही जर्मनी १९९० साली एक झाले त्याची राष्ट्रीय सुट्टी, परत सगळं बंद. शनिवारी उघडलं आणि रविवारी पुन्हा बंद, रविवारी तर इथं सुपरमार्केट उघडतच नाहीत. मेन स्टेशनवरची काही दुकानं चालू असतात हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर मी आईने दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. नळाचं पाणी मात्र बिनधास्त पिता येतं, आल्प्सच्या पायथ्याकडून येतं आणि एकदम गोड आहे, त्यामुळे पाण्याला पैसे घालवू नका. (आईंनो, कडक भाकरी जरूर द्या, पण तूप, पेढे, खवा अजिबात देऊ नका, बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. आमच्या आईने साजूक तुपाची बरणी भरली होती, ती मी आदल्या रात्री बॅगेतून काढली तेव्हा तिला फार वाईट वाटलं होतं.)

मी उतरले त्याच रात्री इथल्या एअरपोर्टवर ड्रोन दिसले म्हणून विमानं थांबवली होती, येणारी काही विमानं दुसऱ्या शहरात वळवली. मला काही पत्ताच नाही, मी झोपलेली. आईने सकाळी टीव्हीवर म्युनिक एवढंच ऐकलं आणि मला इथल्या रात्री अडीचला फोन. ती रडत होती आणि मी आठ जणांच्या खोलीत हळू आवाजात तिला सांगत होते की अगं मी व्यवस्थित आहे, दुपारीच उतरलेय. खोली मिळाली का, हा तिचा दुसरा प्रश्न. मी हो म्हणाले. खोटं बोलले, आणि ते मला अजून लागतंय.

आता खऱ्या मुद्द्यावर येते, कारण लोकांना वाटतं की खोली म्हणजे फक्त झोपायची सोय, तसं नाहीये. इथं नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो की ही व्यक्ती माझ्याकडे राहते. हॉस्टेलवाले चार रात्रींच्या पाहुण्याला तो देत नाहीत. मग पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, मी गेले त्या बँकेने नोंदणीच्या कागदाशिवाय खातं उघडायला नकार दिला आणि इथलं खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचे आणि दर महिन्याला ठरावीकच मिळणारे) स्वतःचेच पैसे महिन्याला मिळत नाहीत! आम्ही त्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरलेत, म्हणजे सव्वाबारा लाख रुपये, त्यातले थोडे लोनचे आणि थोडे पप्पांनी काकांकडून घेतलेले, आणि पहिले तीन आठवडे मला त्यातला एक युरो हातात आला नाही. फोरेक्स कार्डावर वेगळे पैसे होते म्हणून निभावलं. निदान दोन महिन्यांचा खर्च कार्डावर वेगळा ठेवा, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

आणि खोली शोधणं म्हणजे काय असतं ते सांगते. स्टुडंट हॉस्टेल्सना इथं इतकी वेटिंग लिस्ट आहे की काही ठिकाणी वर्षाच्या वर थांबावं लागतं, त्यामुळे ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाकायला पाहिजे, मी टाकला व्हिसा आल्यावर. बाकी राहतात शेअर फ्लॅटमधल्या खोल्या. मी ७४ मेसेज पाठवले, उत्तरं आली ९, बघायला बोलावलं चौघांनी. त्यात एक मेसेज असा आला की मालक परदेशात आहे, फोटो बघा, डिपॉझिट भरा, चावी कुरिअरने येईल. फोटो इतके सुंदर होते आणि मी इतकी कंटाळले होते की मी जवळजवळ पैसे पाठवणारच होते. माझ्या बरोबर आलेल्या नांदेडच्या एका मुलाने अशाच एकाला १,२०० युरो पाठवले, चावी आली नाही आणि तो माणूसही परत बोलला नाही. त्याने अजून घरी सांगितलेलं नाही. खोली आणि माणूस समोर बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका. डिपॉझिटचा कायदाही माहिती पाहिजे, मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, मला हे कळलं तेव्हा मी सगळं एकदम भरून मोकळी झाले होते.

मधले अकरा दिवस मी पुण्याच्या एका ताईंच्या घरी हॉलमध्ये सोफ्यावर झोपले. ओळख काहीच नाही, इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी माझा मेसेज टाकला आणि त्यांचा फोन आला, "अगं हॉस्टेलात कशाला पैसे घालवतेस, ये इकडं." पहिल्या रात्री त्यांनी वरणभात वाढला आणि मला बोलताच येईना. पण त्यांच्या पत्त्यावर नोंदणी करता आली नाही, त्या स्वतः भाड्याने राहतात आणि त्यांच्या मालकाने नाही सांगितलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही, पण आपल्या पोरांनी कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहावं असं प्लॅनिंग कसं काय असू शकतं?

शेवटी दिवाळीच्या तीन दिवस आधी शहरातल्या नॉयपेरलाख भागात खोली मिळाली, ६९० युरो, लाईट-हीटिंग धरून. एक मुलगी सहा महिने दुसऱ्या शहरात इंटर्नशिपला गेलीय, तिच्या जागी, ३१ मार्चपर्यंत. मालकाच्या परवानगीने आणि दाखल्यासकट, हे मी आधीच विचारून घेतलं. लक्ष्मीपूजनाला टेबलावर एक पणती लावली आणि घरी व्हिडिओ कॉल केला, आईला तेव्हा खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती खोली बघत बसली, कपाट दाखव, खिडकी दाखव, दाराला कडी आहे का.

एक बारीक गोष्ट, पण फार महत्त्वाची. इथं लेटरबॉक्सवर आणि बेलवर तुमचं आडनाव पाहिजे. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो, आणि इथं सगळी महत्त्वाची कामं अजून कागदी पत्रानेच होतात. बँकेचं कार्ड, इन्शुरन्सचे कागद, टॅक्स नंबर, सगळं. मी पहिल्याच दिवशी कागदावर नाव लिहून चिकटवलं. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्रही येतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो, शेअर फ्लॅट असेल तर एकाने भरायचे आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचे.

आता हिशोब बघा. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो मिळतात. हा आकडा जर्मनीतल्या सगळ्या शहरांना सारखाच आहे, आणि म्युनिक हे भाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर. ६९० खोलीचे, १४० च्या वर हेल्थ इन्शुरन्सचे, ३८ बस-ट्रेनच्या स्टुडंट पासचे (हा २०२५ चा दर, तेव्हा साधा पास ५८ ला होता), राहतात १२० च्या आसपास, त्यात खाणं, फोन, वह्या. मला तरी स्वस्त खोली मिळाली, बऱ्याच जणांची ८०० ची आहे, त्यांचं गणित पहिल्या महिन्यातच कोसळतं. पार्टटाइम काम करता येतं, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, पण जर्मन येत नसेल तर पहिल्या महिन्यात काम मिळणं अवघड आहे आणि टॅक्स नंबर लागतो तो परत पत्त्याशी जोडलेला. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे आपल्याकडं सर्रास सांगतात, ते बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांत खरं आहे, माझ्या इथं फी नाममात्रच आहे, पण सगळीकडे नाही, शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. आणि जिथं फी नाही तिथं भाडं आहेच ना.

मी इथं येऊन चुकले असं मला बिलकुल वाटत नाही. शिकवतात फार मन लावून, प्रोफेसरांना थांबवून शंका विचारता येते, लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी असते आणि तिथून परत येताना एकटीला भीती वाटली नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की पहिले अठरा दिवस मी जे काढले ते टाळता आले असते, कोणीतरी आधी नीट सांगितलं असतं तर.

म्हणून विनंती, तुमच्या पुरवणीत ॲडमिशन आणि व्हिसाच्या शेजारी राहण्याचाही एक कॉलम द्या, शहरानुसार भाडं किती, पत्ता नोंदवायला काय लागतं, फसवणूक कशी होते, आणि तो इथं शिकणाऱ्या पोरांकडूनच लिहून घ्या, मी लिहायला तयार आहे. एप्रिलच्या सेमिस्टरला येणारी पोरं आत्ता व्हिसाच्या रांगेत आहेत, माझ्याच कॉलेजच्या दोन ज्युनिअर त्यात आहेत. दोघींनी तिकिटं बघायला सुरुवात केलीय आणि खोलीसाठी अजून एकही अर्ज केलेला नाही.

आपली नम्र,
बार्शीची एक विद्यार्थिनी, सध्या म्युनिक