शाप की स्वतःचीच करणी?

बॉस्टन

ती. आई व ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आईने विचारले की इथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाला खरोखरच कोणाचा शाप होता का, आणि मी तोंड उघडण्याआधीच बाबांनी "शाप कसला, खेळता येत नसेल" असा निकाल देऊन टाकला. दोघांचेही समाधान करायचे तर पत्रच लिहायला हवे.

सुरुवातीला हा संघ चांगलाच भरात होता. १९०३ सालची पहिलीवहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथल्या बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका, त्यानेच जिंकली आणि १९१८ पर्यंत अशी पाच विजेतेपदे मिळवली. पुढे १९१९ च्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी याने बेब रूथ या आपल्या अव्वल खेळाडूला एक लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकले. फ्रेझी हा नाटकांचा निर्माता होता, हे नाट्यपंढरीत राहणाऱ्या आईला मुद्दाम सांगते. १९१८ नंतर ८६ वर्षे विजेतेपद नाही, म्हणून लोक रूथचा शाप म्हणू लागले.

मला मात्र हा शाप पटत नाही. एप्रिल १९४५ मध्ये, पुढे महान ठरलेला जॅकी रॉबिन्सन संघाच्या फेनवे पार्क या घरच्या मैदानावर चाचणीला आला होता. तो कृष्णवर्णीय होता आणि संघाने त्याला घेतले नाही. दोनच वर्षांनी तो ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून खेळू लागला. रेड सॉक्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९५९ साली, इतर सगळ्या संघांच्या नंतर. दारी आलेली लक्ष्मी ज्यांनी हाताने परत पाठवली, त्यांनी ग्रहांना बोल का लावावा?

आणि बाबा, खेळता येत नव्हते असेही नाही. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ या चारही वर्षी हा संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यापर्यंत जाऊन हरला. त्यातही १९८६ चा घाव खोल आहे. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात, दहाव्या डावात, दोन धावांची आघाडी, समोरचे दोन गडी बाद आणि विजेतेपदाला एकच गडी हवा, अशा वेळी लागोपाठ तीन फटके बसले, मग पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, एक स्वैर चेंडू सुटला आणि बरोबरी झाली. त्यानंतर एक संथ घरंगळता चेंडू आपल्या संघाच्या बिल बकनर या क्षेत्ररक्षकाच्या पायांमधून मागे गेला आणि सामना हातचा गेला. त्याचे घोटे दुखरे होते, अशा वेळी व्यवस्थापक त्याला बहुधा बाहेर काढत असे. त्या दिवशी ठेवले. बरोबरी आधीच झाली होती, शिवाय सातवा सामना बाकी होता, तरी सगळे खापर त्या एकट्याच्या डोक्यावर फुटले. २००८ मध्ये त्याला फेनवेवर सन्मानाने पहिला चेंडू टाकायला बोलावले, तेव्हा सारे मैदान उठून उभे राहिले.

तोवर शाप संपला होता. २००४ साली उपांत्य फेरीच्या सात सामन्यांच्या मालिकेत यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे, तिसरा सामना तर १९-८ असा लाजिरवाणा हरलेला. चौथ्यात शेवटच्या डावात एका धावेने मागे असताना डेव्ह रॉबर्ट्स धावायला उतरला. तो चेंडू फेकला जात असतानाच दुसऱ्या बेसकडे, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पुढच्या थांब्याकडे, पळणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक होते, तरी तो पळाला आणि पोहोचला. तिथून सलग आठ विजय आणि विजेतेपद. त्यानंतर कित्येकांनी आईवडिलांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि पताका नेऊन ठेवल्या. आई डोळे पुसेल, म्हणून जास्त लिहीत नाही.

पुढे २००७, २०१३ आणि २०१८ मध्येही हे जिंकले. मग २०२० मध्ये मूकी बेट्स या आपल्या सर्वोत्तम खेळाडूला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवून दिले. त्याच वर्षी डॉजर्स जगज्जेते झाले आणि रेड सॉक्स आपल्या गटात तळाला. फ्रेझीचा पुनर्जन्म झाला म्हणायचे, दुसरे काय!

जूनमध्ये तुम्ही याल तेव्हाची फेनवेवरच्या सामन्याची तिकिटे काढली आहेत. तिथल्या जुन्या लाकडी खुर्च्या अगदी दाटीच्या आहेत, म्हणून बाबांच्या गुडघ्यांसाठी कडेची जागा घेतली आहे. डावीकडच्या उंच हिरव्या भिंतीतला धावफलक अजून माणसेच हाताने बदलतात. क्लबच्या सामन्यांत बाबा पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवत असत, अगदी तसा.

तुमची लेक