जीवधनच्या कोठारातली राख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 12 किल्ले गेले. त्यांत आमच्या जुन्नर तालुक्यातला शिवनेरी आहे, याचा अभिमान वाटतो. त्याच तालुक्यात नाणेघाटाशेजारी कड्यावर बसलेल्या जीवधन गडाविषयी मात्र चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

सातवाहनांच्या काळापासून कल्याण बंदरातला माल याच घाटाने जुन्नरला चढत होता आणि त्या वाटेवर नजर होती ती जीवधनची. निजामशाही बुडाली तेव्हा शहाजीराजांनी मूर्तजा निजामशहा या अल्पवयीन वारसाला याच गडावरून सोडवून पेमगिरीला गादीवर बसवलं. पुढे इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. आजही तेवढा टप्पा दोर धरून, खोबणीत बोटं रुतवून चढावा लागतो.

गडावर एकात एक काढलेली दगडी धान्यकोठारं आहेत. 1818 च्या लढाईत त्यांना आग लागली आणि ती राख अजून तिथेच आहे, असं सांगतात. मागच्या हिवाळ्यात मी आत गेलो. बॅटरीच्या उजेडात दगडात कोरलेलं कमळ दिसलं आणि त्याच्या खाली ताजी काजळी. तीन दगडांची चूल, अर्धवट जळालेली लाकडं, नूडल्सची पाकिटं. मुक्कामाला आलेल्यांनी रात्री स्वयंपाक केला असणार. जुनी राख कुठली नि परवाची कुठली, हे आता कोण सांगणार? माझ्या पोटात अक्षरशः कालवलं.

जळून कोळसा झालेला दाणा शेकडो वर्षं कुजत नाही. त्यावरून गडावर काय साठवलं होतं, नाचणी की भात की आणखी काही, हे अभ्यासकांना ओळखता येतं. आपण त्यावर चहा उकळतोय.

ट्रेकर मंडळींवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच गडाला जाग आहे. पण कोठारात मुक्काम आणि चूल पूर्ण बंद व्हावी. पायथ्याच्या घाटघरमधल्या दोघातिघांना पगारी राखणदार नेमावं. गडाची वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक आहे? आणि तुटलेल्या पायऱ्यांवर सिमेंट ओतू नये, हवं तर पक्की साखळी लावावी.

पाऊस उघडला की दर शनिवारी-रविवारी गर्दी होते. यंदा त्याआधी निदान कोठाराच्या तोंडाशी एक पाटी तरी लागावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, जुन्नर