एडलजींचं नाव कसं काय राहिलं?

माननीय संपादक,

वर्ल्ड कपवरची तुमची पुरवणी वाचली. फोटो झकास होते. मी ऐरोलीला राहते, २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनलला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवलं त्या रात्री आमच्या सोसायटीत बारा वाजून गेले तरी फटाके चालू होते, त्यातले दोन मीच लावलेले. पण पुरवणी वाचून असं वाटलं की बायकांचं क्रिकेट त्याच रात्री जन्माला आलं. अख्ख्या पुरवणीत डायना एडलजींचं नाव एकदापण नाही?

आपल्या मुंबईच्या त्या, रेल्वे कॉलनीत खेळत मोठ्या झालेल्या, डावखुरी फिरकी टाकायच्या. १९७६ ला पहिली टेस्ट, एकूण २० टेस्टमध्ये ६३ विकेट, आणि तेव्हा टेस्ट मिळायच्या तरी किती हो, मध्ये वर्षंच्या वर्षं कोरडी जायची. १९७८ च्या वर्ल्ड कपला कॅप्टन होत्या. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं नाही तर गप्प नाही बसल्या, म्हणाल्या एमसीसीने, म्हणजे लॉर्ड्स ज्यांचं आहे त्या क्लबने, नाव बदलून एमसीपी ठेवावं (मेल शॉव्हिनिस्ट पिग, बायकांना कमी लेखणाऱ्या पुरुषांना देतात ती शिवी, त्यातला पी डुकराचा, असो).

हे सगळं आहेच, पण मला त्यांचं कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे. नोकऱ्या! स्वतः वेस्टर्न रेल्वेत होत्या आणि खेळणाऱ्या मुलींना रेल्वेत घ्या म्हणून मागे लागून लागून त्यांनी ते करून घेतलं, रेल्वेची बायकांची टीम उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा. मिताली राज रेल्वेकडूनच खेळायची, हरमनप्रीतपण वेस्टर्न रेल्वेत होती. महिन्याला पगार येतोय म्हटल्यावर घरचे खेळू देतात, साधा हिशोब आहे.

माझी भाची ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेटला येते, तीपण डावखुरी स्पिनरच. किटबॅग दारात ठेवली की लेडीज डब्यात बायका ओरडतात, वर ठेवली तर कुणाच्या तरी डोक्याला लागते, म्हणून ती तुर्भ्यापर्यंत बॅग मांडीवर घेऊन बसते, समोरचं काही दिसत नाही. ग्राउंडवर मुलींच्या बाथरूमला कुलूप, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला, मग दोघी ओढणी धरून उभ्या राहतात आणि तिसरी कपडे बदलते. एवढं करून घरी गेली की ताईचा एकच प्रश्न, यातून नोकरी लागते का गं?

तर विनंती एवढीच की स्पोर्ट्स कोट्यातल्या भरतीच्या जाहिराती, रेल्वेच्या असोत की आणखी कुठल्या, खेळाच्या पानावर एका कोपऱ्यात छापत जा. ताई क्रिकेट बघत नाही, पण पेपर मात्र रोज पहिल्या ओळीपासून वाचते, तोही तुमचाच.

आपली,
एक वाचक, ऐरोली