ऑल्नीत काळ थांबलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या छोट्या गावांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख, पण ‘इथे काळ थांबला आहे’ हे काही पटलं नाही. मी मिल्टन कीन्सला राहते. इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर, ग्रेट ऊझ नदीच्या काठी ऑल्नी आहे. वस्ती सहा-सात हजारांची. दगडी घरं, चौदाव्या शतकातलं उंच शिखराचं चर्च, मधोमध मार्केट प्लेस; तुमच्या लेखात अगदी शोभलं असतं. पण तिथल्या हाय स्ट्रीटवर जरा उभं राहून बघा. ए-५०९ हा रस्ता गावाच्या पोटातून जातो आणि अवजड ट्रक गेला की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. बाह्यवळण रस्त्याची मागणी जुनीच आहे. रेल्वे होती, तिची प्रवासी वाहतूक १९६२ मध्ये बंद झाली.

लेखात लेसचं कौतुक आहे. ऑल्नीतही घरोघरी लेस विणली जायची: मांडीवर गच्च भरलेली उशी, तिच्यात टोचलेल्या टाचण्या आणि त्यांच्याभोवती बॉबिनवरचे, म्हणजे छोट्या काड्यांवर गुंडाळलेले, धागे फिरवत बसलेल्या बायका-मुली. विल्यम कूपर हा कवी १७६८ ते १७८६ या काळात याच गावात राहत होता. त्याने १७८० मध्ये एका स्नेह्याला कळवलं की गावात लेस विणणारे बाराशेच्या आसपास आहेत आणि त्यातले शेकडो उपासमारीच्या दारात आहेत. त्याचं घर १९०० पासून संग्रहालय आहे. कूपरचा मित्र, ‘अमेझिंग ग्रेस’ हे प्रसिद्ध ख्रिस्ती भजन लिहिणारा पाद्री जॉन न्यूटन, याचीही आठवण तिथे जपली आहे. हा न्यूटन आधी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता, हे सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही.

मराठी वाचकाने या गावी जायला आणखी एक कारण आहे. चपला-बूट शिवून पोट भरणारा विल्यम केरी १७८५ मध्ये ऑल्नीच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत आला. त्याचं पहिलं प्रवचन ऐकून मंडळींनी लगेच होकार दिला नाही. आणखी काही दिवस बोलून दाखव म्हणाले! त्याच केरीने पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. आपल्याकडच्या पर्यटकांच्या बसगाड्या मात्र कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध भागाकडेच वळतात.

राहिली ऑल्नीतली पॅनकेकची शर्यत. १४४५ पासून चालत आल्याचं सांगतात. मध्ये खंडही पडले. चर्चची घंटा ऐकून एक बाई हातातल्या तव्यासकट धावत सुटली, अशी कथा. आज ॲप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून बायका धिरड्यासारखा तो पॅनकेक उडवत ४१५ यार्ड पळतात. पळायला गावातलीच बाई लागते, बाहेरच्यांनी फक्त बघायचं. हा नियम मला फार आवडतो, नाहीतर एव्हाना त्याचा इव्हेंट झाला असता.

कुणाला जायचं असेल तर गुरुवार बरा, बाजार असतो. शर्यतच बघायची असेल तर लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, दुपारी बाराच्या बऱ्याच आधी मार्केट प्लेस गाठा. संग्रहालयाच्या वेळा आधी बघून निघा.

आपली,
एक वाचक, मिल्टन कीन्स